बाबासाहेबांचा पोशाख

स्मरणिकेसाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रावर लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. त्यांच्या पदव्या, त्यांचे ग्रंथ, सत्याग्रह आणि संविधान यांविषयी आपल्या वाचकांना नव्याने काय सांगणार? वसतिगृहातल्या लहान मुलालाही जन्मतिथी १४ एप्रिल १८९१ आणि जन्मस्थान महू हे तोंडपाठ असते. मग प्रार्थनागृहातल्या तसबिरीकडे पाहताना एक गोष्ट मनात आली. जी गोष्ट आपण रोज पाहतो तिच्याकडे आपण सहसा पाहत नाही. ती म्हणजे त्यांचा कोट. बाबासाहेबांच्या चरित्रात कपड्यांना फार मोठे स्थान आहे, आणि ते चाळिशीच्या आसपास येऊन कसे ठरत गेले हे लक्षात घेतले तर संपूर्ण चरित्रच थोडे निराळे दिसू लागते.

त्या चरित्रातले पहिले वस्त्र म्हणजे गोणपाटाचा एक तुकडा. साताऱ्याच्या शाळेत बालक भीमरावाला इतर मुलांपासून दूर, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शाळा सुटल्यावर तो तुकडा रोज घरी न्यावा लागे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावीत नसे. सुभेदार रामजी आंबेडकरांचे घर लष्करी शिस्तीचे. परीट व न्हावी यांची मजुरी देण्याची ऐपत घरात होती, परंतु परीट त्यांचे कपडे धुण्यास तयार नव्हता आणि न्हावी केसांना हात लावण्यास तयार नव्हता. म्हणून कपडे बहिणी धूत, आणि थोरल्या बहिणीने भावांचे केस कापावे असा घरचा रिवाज होता. स्वच्छ कपडा ही ज्या घरात इतक्या कष्टाने मिळणारी वस्तू होती, त्या घरातला मुलगा पुढे पोशाखाच्या बाबतीत आयुष्यभर काटेकोर राहिला यात नवल ते काय?

१९०१ च्या उन्हाळी सुट्टीतील प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. वडील सातारा जिल्ह्यातच खटाव तालुक्यात खजिनदाराच्या कामावर होते. त्यांना भेटायला मुले आगगाडीने निघाली. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले. प्रवासासाठी सर्वांना नवे कपडे शिवले होते. विलायती पद्धतीचे सदरे, रेशीमकाठी धोतरे, चमकदार टोप्या, नवे जोडे. मसूर स्टेशनावर वडिलांचा माणूस आला नाही. स्टेशनमास्तरने ही नीटनेटकी मुले पाहून आस्थेने चौकशी केली, आणि मुलांनी निष्पापपणे जात सांगितली. त्या क्षणी त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. पुढे दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान त्यांच्याशेजारी बसेना. मुलांनीच बैल हाकले आणि तो पायी चालला. रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. अंगावरचे रेशीमकाठी धोतर तेच होते. बदलले ते पाहणाऱ्याचे डोळे.

आम्हांस वाटते, कपडा माणसाला कुठवर नेतो आणि कुठे सोडून देतो, याचा पहिला धडा त्यांना त्या फलाटावर मिळाला. दुसरा मिळाला १९१७ साली बडोद्यात. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आणि लंडनमधील अपूर्ण राहिलेला अभ्यास मागे ठेवून, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते गेले तेव्हा त्यांचा युरोपियन पोशाख पाहून तेथील व्यवस्थापकाने त्यांना पारशीच समजले. परंतु त्यांनी कोट उतरविला तेव्हा आत सदरा आणि कस्ती नाही हे त्याच्या ध्यानी आले. शेवटी नोंदवहीत पारशी नाव लिहून राहण्याची तडजोड झाली. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी गृहस्थ चालून आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. कामाठीबागेत कित्येक तास बसून राहिलेल्या त्या सव्वीस वर्षांच्या पदवीधराच्या अंगावर उत्तम कोट होता. पण तो कोट त्या दिवसांत पांघरूण होता, दुसऱ्याच्या नावाचा होता.

हाच कोट पुढे त्यांचा स्वतःचा कसा झाला, हा खरा विषय आहे.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन ते लंडनहून परतले, आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ही मिळाली. परळच्या चाळीत संसार ओढग्रस्तीचा होता. मातोश्री रमाबाईंजवळ स्वागताला जाण्याजोगे लुगडे नव्हते, म्हणून छत्रपती शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला जरीचा फेटा त्या नेसून गेल्या, ही आठवण आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. ऐकणाऱ्या बायांचे डोळे आजही पाणावतात. आम्हांला मात्र त्या आठवणीत दैन्याबरोबरच दुसरेही काही दिसते. राजाने सन्मानाने बांधलेले वस्त्र, आणि ते निःसंकोच नेसून बोटीवर उभी राहिलेली स्त्री. अंगावर काय घालायचे याचा निर्णय त्या माऊलीने स्वतः केला होता.

१९२७ साली बाबासाहेबांना छत्तीस वर्षे पूर्ण झाली. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. मे महिन्यात आपल्याच या बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव त्यांच्या अध्यक्षतेखाली साजरा झाला. कुळगावच्या स्टेशनावर उतरणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि डिसेंबरात पुन्हा महाड. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांची निराळी सभा घेतली आणि तिच्यात लुगडे कसे नेसावे यावर ते बोलले. परिषदेच्या इतिहासात हा भाग पुष्कळदा एका वाक्यात उरकला जातो, ही आम्हांला अन्यायाची गोष्ट वाटते.

अस्पृश्य स्त्रीने लुगडे गुडघ्याच्या वर खोचून नेसावे, गळ्यात आणि हातांत कथलाचे व चांदीचे जड दागिने घालावेत, ही केवळ आवड वा गरिबी नव्हती. दुरूनच ओळखू यावी म्हणून लावलेली ती खूण होती. बाबासाहेबांनी त्या खुणा टाकून देण्यास सांगितले. स्वच्छ राहा, लुगडे पायघोळ नेसा, दागिन्यांच्या ओझ्यातून मोकळ्या व्हा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. तेथेच चित्रे आणि टिपणीस या सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी नव्या पद्धतीने लुगडे नेसण्यास मदत केली, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया त्या पोशाखात घरी परतल्या. त्यांत तरुण मुलीच नव्हत्या. पोक्त बायाही होत्या. अर्धे आयुष्य एका पद्धतीने नेसल्यावर एका दिवसात ती पद्धत सोडायची, तीही गावच्या वेशीत पाऊल टाकताच काय होईल हे ठाऊक असताना, याला लागणारे धैर्य तळ्याचे पाणी पिण्याच्या धैर्याहून फार कमी नसावे. चाळिशी उलटली की आता आम्हांला काय शोभणार, असे म्हणून फिकट रंगाची साडी निवडणाऱ्या आमच्या पालक भगिनींना हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगत असतो.

पोशाखावरचे बंधन हे कल्पनेतले नव्हते. इंदूर संस्थानातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेले नियम १९२८ च्या प्रारंभी वृत्तपत्रात छापून आले होते. पुरुषांनी जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने व शोभिवंत वस्त्रे वापरायची नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिसंस्थेचे उच्चाटन या विषयावरील ग्रंथात हे नियम आरंभीच नोंदविले आहेत. मद्रास इलाख्यातील रामनाड जिल्ह्यात डिसेंबर १९३० मध्ये कल्लर समाजाने आदिद्रविडांसाठी असेच आदेश काढले. गुडघ्याखाली वस्त्र नको, सदरा किंवा कोट नको, सोने नको, छत्री नको, वहाणा नकोत.

आता त्याच डिसेंबरात बाबासाहेब कोठे होते? लंडनमध्ये, गोलमेज परिषदेत. १२ नोव्हेंबर १९३० रोजी परिषदेचे उद्घाटन झाले होते. वय एकोणचाळीस. राजेरजवाडे, नवाब आणि नामवंत कायदेपंडित यांच्यामध्ये गडद रंगाचा व्यवस्थित सूट, टाय आणि गोल चष्मा अशा वेशात बसलेला हा प्रतिनिधी ज्या लोकांच्या वतीने बोलत होता, त्यांना रामनाडात त्याच महिन्यात कोट घालण्याची बंदी झाली होती. कोट तोच, बडोद्याचाच म्हणा. पण या वेळी नोंदवहीत नाव स्वतःचे होते, जात उघड होती, आणि ती उघड करूनच ते तेथे बसले होते. बडोद्यात जे पांघरूण होते ते लंडनमध्ये निशाण झाले.

या पोशाखावर टीका झाली. हा मनुष्य साहेबी थाटात राहतो, त्याला देशाची आच नाही, असे म्हणणारे तेव्हा होते आणि पुढेही राहिले. महात्मा गांधींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला होता आणि १९३१ मध्ये तोच वेश घेऊन ते लंडनला गेले. दोघांची तुलना होणे स्वाभाविक होते. त्या तुलनेत एक बाजू नेहमी सुटून जाते. ज्याच्यापाशी अंगभर वस्त्र घालण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याने ते स्वेच्छेने उतरविले तर तो त्याग ठरतो. ज्याच्या पूर्वजांना ते घालूच दिले नव्हते, त्याने पंचा नेसला असता तर जुन्या जागी परतलेला आणखी एक माणूस म्हणूनच लोकांनी त्याच्याकडे पाहिले असते. गांधीजींच्या निवडीला आम्ही उणे म्हणत नाही. बाबासाहेबांची निवडही तितक्याच विचारांची होती, एवढेच आमचे म्हणणे.

२७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या बाबासाहेबांनी मुंडन केले आणि काही काळ साधूसारखी वस्त्रे अंगावर घेतली. दादरच्या राजगृहात ग्रंथांच्या गराड्यात बसलेला तो कफनीधारी पुरुष पाहून सहकारी हवालदिल झाले. माणूस दुःखात कपड्यांची पर्वा सोडतो असे आपण म्हणतो, परंतु येथे त्यांनी दुःखालाही विचारपूर्वक वेश दिला होता. तो त्यांनी कायम ठेवला नाही. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

पुढली वर्षे सर्वश्रुत आहेत. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्रिपद, १९४७ मध्ये कायदेमंत्रिपद, त्याच वर्षी २९ ऑगस्टला मसुदा समिती. मधुमेह आणि पायांचे दुखणे याच काळात बळावले. हाती काठी आली. शरीर थकले की माणूस नीटनेटकेपणात हळूहळू सूट घेऊ लागतो. त्या वर्षांतील छायाचित्रे पाहावीत. कोट अंगावर नीट बसलेला आहे, टाय जागेवर आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. उत्तम लेखण्यांची त्यांना हौस होती, आणि उतारवयात साठे यांच्याकडे ते व्हायोलिन शिकत होते. म्हणजे वय वाढले म्हणून आवडीनिवडी आवरत्या घ्याव्यात, हा विचार त्यांना शिवलाच नव्हता.

त्यांच्या हयातीतच, १९५० साली, कोल्हापूरच्या बिंदू चौकात त्यांचा पुतळा बसला. १९६७ मध्ये संसदेच्या आवारात शिल्पकार वाघ यांनी घडविलेला पुतळा उभा राहिला. गावोगावच्या चौकात जो निळा कोट आपण पाहतो त्याविषयी मात्र एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. तो एकसारखा निळा रंग प्रामुख्याने आपल्या चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी दिला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निळ्या झेंड्याची आठवण ठेवून. लोकांनी आपल्या नेत्याला स्वतःच्या हाताने कपडे चढविले, असे म्हटले तरी चालेल. शेजारच्या उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत आमचे काही माजी विद्यार्थी कामाला आहेत. निळ्या कापडाशी त्यांची रोजची गाठ आहे, आणि १४ एप्रिलला तेच निळा कोट किंवा निळी साडी ऐटीत घालून शाळेत येतात. पन्नाशीच्या आसपासची ही मंडळी फाटकातून आत येताना आम्हांला मोठी रुबाबदार दिसतात.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. वय पासष्ट. लाखो अनुयायी पांढरी वस्त्रे नेसून मैदानाकडे चालले होते. बाबासाहेब व्यासपीठावर आले तेव्हा अंगावर सूट नव्हता. पांढरे रेशमी धोतर, पांढरा कोट. एका हातात काठी, दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर. शेजारी पांढऱ्या साडीत माईसाहेब. भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी त्रिशरण व पंचशील ग्रहण केले. जो पोशाख तीस वर्षे निशाण म्हणून वागविला, तो त्या सकाळी त्यांना आवश्यक वाटला नाही. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या प्रार्थनागृहात दोन तसबिरी शेजारी शेजारी आहेत, एक निळ्या कोटातली आणि एक दीक्षेच्या दिवसाची. वसतिगृहात नव्याने आलेले एखादे मूल दरवर्षी विचारतेच की हे दोघे एकच का, आणि वर्षभर आधी आलेले मूल मोठ्या माणसासारखे त्याला समजावून सांगते.