अण्णासाहेब कर्वे : पिता आणि आजोबा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आपल्या ज्ञातीत घरोघरी ठाऊक आहे. हिंगण्याची संस्था, महिला विद्यापीठ, भारतरत्न हा सन्मान, या गोष्टी शाळकरी मुलेही सांगतील. परंतु अण्णासाहेब हे चार पुत्रांचे पिता होते आणि त्यांच्या लोककार्याचा पुष्कळसा भार त्यांच्या घराने सोसला, ही बाजू क्वचितच लिहिली जाते.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. घर मात्र दापोली तालुक्यातील मुरूडचे, आणि बेताच्या परिस्थितीचे. परीक्षेला बसण्यासाठी कुंभार्ली घाट ओलांडून ते साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत फिरावे लागले, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. पंधराव्या वर्षी राधाबाईंशी विवाह झाला. १८८२ साली ज्येष्ठ पुत्र रघुनाथ जन्मला. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून अण्णा बी. ए. झाले. पुढे १८९१ साली राधाबाई निवर्तल्या, आणि त्याच वर्षी गोखल्यांच्या निमंत्रणावरून अण्णा पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. रघुनाथ तेव्हा अवघ्या नऊ वर्षांचा होता.

दुसरे लग्न करावयाचे तर विधवेशीच, हा निश्चय त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पार पाडला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई जोशी या त्यांच्या पत्नी झाल्या. आनंदीबाई, म्हणजेच बाया, त्या ह्याच. मुरूडकरांनी अण्णांवर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ गावी राहणाऱ्या आप्तांनाही लागली. बहिष्कार घालणारे आपल्याच ज्ञातीचे लोक होते. आज आपण त्यांच्या नावाचा अभिमान बाळगतो, तेव्हा हेही येथे लिहून ठेवणे प्राप्त आहे. अण्णांनी गावावर राग धरला नाही. परंतु त्यांच्या क्षमाशीलतेने आपल्या पूर्वजांचा दोष पुसला जातो, असे मानण्याचे कारण नाही.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. अण्णांनी साठविलेले हजार रुपये त्यास दिले. पुढे आपल्या आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. वेतन बेताचे, पदरी लहान मुले, आणि घरच्या माणसाने उद्याची तरतूदही देऊन टाकलेली! बायांना हे फार लागले. त्यांना दोष कोण देईल? १९०० साली हिंगण्यास झोपडी उभी राहिली, तेव्हा दिवसभर कॉलेजात शिकवून सायंकाळी अण्णा चिखल तुडवीत आश्रमातील मुलींकडे पायी जात. आश्रमातील निराधार मुलींना त्यांच्या रूपाने पिता लाभला. घरच्या मुलांच्या वाट्याला तो थोडा थोडा येत असे. संसाराचा गाडा बायांनी ओढला.

तरीही मुले बापाच्या वळणावर गेली, आणि प्रत्येकाने आपली वाट स्वतः निवडली. शंकरराव पूर्व आफ्रिकेत मोंबासा येथे डॉक्टर झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य झाले. भास्करराव हिंगण्याच्या कार्यात राहिले. रघुनाथरावांनी संततिनियमनाचा प्रचार केला, त्यापायी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून अखेरपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. बापाला गावाने जे भोगावयास लावले, ते मुलाला शहरातील सुशिक्षितांनी लावले.

अण्णांनी नात्यातील रघुनाथ परांजपे या मुलास आपल्याजवळ ठेवून शिकविले. तेच पुढे रँग्लर झाले. त्यांच्याच घरी वाढलेल्या इरावतीबाई कालांतराने दिनकररावांच्या पत्नी म्हणून कर्व्यांच्या घरात आल्या. सुनेने उच्च शिक्षणार्थ जर्मनीस जावे, हे मात्र अण्णांना पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या पुरुषाच्या मनातही अशी एखादी गाठ असावी, हे नवल आहे; पण ते लपवून चरित्र अधिक तेजस्वी होणार नाही. दिनकररावांनी पत्नीस पाठविले, आणि बर्लिनची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या.

दीर्घायुष्याचे दुःखही अण्णांनी पुरेपूर भोगले. १९५० साली बाया गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. पिता तेव्हा पंचाण्णव वर्षांचा होता. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होताना, भारतरत्न हे सन्मान लाभले. या सर्व गौरवाच्या वेळी त्यांच्यासह त्याची किंमत मोजणारी सहचारिणी घरात नव्हती.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. धाकटी नात गौरी त्या वेळी वीस वर्षांची होती. ती आणि तिची थोरली बहीण जाई, दोघीही पुढे मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहू लागल्या.