कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१) या भारतीय पेशीजीवशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होत्या. भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली.

जीवन

कमल यांचा जन्म पुण्यात झाला. त्यांचे वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत, तर महाविद्यालयीन शिक्षण फर्ग्युसनमध्ये झाले. मुलीने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र जीवशास्त्राची वाट धरली. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशीआनुवंशिकीवर संशोधन करून त्यांनी १९४३ साली एम.एस्सी. पदवी मिळवली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या होत्या. तेथे टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. पूर्ण केली.

संशोधन

त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. मानवी कर्कपेशींचा 'हेला' हा पहिला अमर वंश १९५१ मध्ये गाय यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता. या तंत्रात शरीरातून घेतलेल्या पेशी पोषक द्रवात, शरीराइतक्या उबेत वाढवल्या जातात. बहुतेक पेशी काचेच्या तळाला चिकटून राहतात आणि विभागतात. काचपट्टीवरील रंगवलेली पेशी मृत असते. संवर्धनात मात्र जिवंत पेशीचे वर्तन पाहता येते.

निरोगी पेशी पृष्ठभागावरील आसंजक प्रथिनांमुळे शेजारच्या पेशींना धरून असतात. ही पकड सैल झाली, की कर्कपेशी मूळ गाठीपासून सुटून अन्यत्र पसरू शकतात. लाळग्रंथींसह अनेक अवयवांच्या कर्करोगांत ई-कॅडहेरिनसारख्या प्रथिनांचा जो अभ्यास पुढे झाला, त्यातही जिवंत पेशी वाढवण्याचे तंत्र उपयोगी ठरले. रणदिवे यांनी हे तंत्र भारतात रुजवले, तेव्हा या प्रथिनांची ओळखही पटलेली नव्हती.

परतल्यावर त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ही प्रयोगशाळा सुरू केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अभ्यासला. रक्ताच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगांवर, तसेच कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरही त्यांनी काम केले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

सामाजिक कार्य व सन्मान

१९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले.