मेग्रेचे जनक : जॉर्ज सिमेनॉन

पोलीस-तपासाच्या कादंबऱ्या म्हणजे निव्वळ कालापव्यय, असे आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी मानीत आली. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नि काळापहाड शालेय पुस्तकाच्या आड धरून वाचणारे कित्येक ज्ञातिबांधव पुढे स्वतःच आजोबा झाले, तेव्हा या वाचनाची गोडी त्यांना आम्ही सांगावयास नको. अशाच एका मालेने जगभर वाचक जोडणाऱ्या बेल्जियन लेखकाचे चरित्र येथे सादर करीत आहोत.

जॉर्ज सिमेनॉन यांचा जन्म फेब्रुवारी १९०३ मध्ये लिएज शहरी झाला. वार शुक्रवार नि तारीख १३. हा योग मातोश्रींना अशुभ वाटल्यामुळे नोंद मात्र १२ तारखेची झाली, असे ते सांगत. (पंचांग पाहणारे केवळ आपणच नव्हे!) वडील विमा-कचेरीत कारकून. आई विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देऊन संसारास हातभार लावी. वडिलांचा हृदयविकार कळल्यावर जॉर्जने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि १९१९ साली तो एका स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाला. पोलीस कचेरीत जाऊन गुन्ह्यांच्या हकीकती टिपून आणणे हे त्याचे काम. १९२१ मध्ये वडील निवर्तले. पुढील वर्षाच्या अखेरीस त्याने पॅरिस गाठले.

तेथे टोपणनावांनी स्वस्त कादंबऱ्यांचा नुसता कारखानाच चालला. १९३१ साली मेग्रे-मालेची पुस्तके स्वतःच्या नावाने निघाली, तेव्हा प्रकाशनानिमित्त रात्रीचा नृत्यसमारंभ झाला नि पाहुण्यांच्या बोटांचे ठसे दारातच घेण्यात आले! जाहिरातीची ही हौस आम्हांस फारशी रुचत नाही. पण पुस्तके जाहिरातीवर तगली नाहीत, हेही खरे.

मग ती कशावर तगली? मेग्रे हा पॅरिसच्या पोलीस खात्यातील स्थूल देहाचा, पाइप ओढणारा अधिकारी. ना वेषांतर, ना पिस्तुलाचा खेळ. घटनास्थळी जाऊन तो बसतो, बिअर मागवितो, त्या घरातील माणसे काय खातात, कोणास भितात, हे न्याहाळीत राहतो. त्याच १९३१ मधील एका कादंबरीत, फाशीची शिक्षा झालेला कैदी निर्दोष असावा अशा समजुतीने, मेग्रे त्याला तुरुंगातून निसटू देतो आणि स्वतःची नोकरी पणास लावितो. तर्क चुकला तर? पान उलटताना वाचकाचा जीव टांगणीस लागतो तो खुनी कोण या कोड्यापायी नव्हे. या प्रामाणिक सरकारी नोकराचे काय होणार, या चिंतेने. खून करण्यापर्यंत हा मनुष्य कसा आला, याचाच शोध मेग्रे घेतो, आणि उत्तर सापडले की पुष्कळदा विजयाऐवजी खिन्नताच पदरी घेऊन, पत्नीने राखून ठेवलेल्या जेवणाकडे वळतो. हे दांपत्य निपुत्रिक. त्यांच्या घरातील ती शांत माया आम्हांस या मालेचे खरे वैभव वाटते.

१९७२ पर्यंत मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या नि २८ कथा झाल्या. लिहावयास बसल्यावर दिवसाकाठी एक प्रकरण, नि दहा-अकरा दिवसांत बहुधा ग्रंथ पुरा, अशी लेखकाची रीत होती.

परंतु मेग्रेचे घर मेग्रेच्या जनकास लाभले नाही, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. दोन विवाह मोडले. वर्तनाविषयी त्यांनी स्वतःच जे लिहून ठेवले ते आमच्या घरांतून मोठ्याने वाचण्याजोगे नाही. परक्यांच्या घरातील दुःख भिंतीआडून ओळखणाऱ्या या गृहस्थांना पोटच्या कन्येचे दुःख मात्र आवरता आले नाही. मारी-जो हिने १९७८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आपले जीवन संपविले. तिच्या इच्छेप्रमाणे तिची रक्षा स्वित्झर्लंडमधील लोझान येथील त्यांच्या लहानशा घराच्या बागेत, वृक्षाखाली विखुरण्यात आली. कादंबरीलेखन तर त्यांनी आधीच सोडले होते. तरीही म्हातारपणी पुन्हा लेखणी धरून त्यांनी मुलांना उद्देशून विस्तृत आत्मचरित्र लिहिले. ते १९८१ साली प्रसिद्ध झाले.

४ सप्टेंबर १९८९ रोजी लोझान येथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांचीही रक्षा त्याच वृक्षाखाली मिसळली.