बालवीरांचे गुरू लॉर्ड बेडन-पॉवेल

मुलांवर विश्वास टाकला म्हणजे ती केवढे कार्य करून दाखवितात, हे जगाला पटवून देणारे लॉर्ड बेडन-पॉवेल २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे जन्मले. तीन वर्षांचे असतानाच ते पितृसुखास मुकले. १८७६ साली लष्करी अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले. पुढे दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंग गावाला २१७ दिवस वेढा पडला असता तेथील मुलांनी निर्भयपणे निरोप पोहोचविले. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली.

ज्या १९०७ साली आपल्या सुरतेत काँग्रेस दुभंगली, त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर श्रीमंत व कामकरी घरांतील सुमारे वीस मुलांना एका छावणीत एकत्र आणले. स्काउट अर्थात बालवीर चळवळीचे बीज ते हेच.

परंतु भारतीय मुलांना तिची दारे प्रथम बहुतांशी बंदच होती. म्हणून १९१७ साली अ‍ॅनी बेझंटबाईंनी मद्रासेस स्वतंत्र संस्था काढली. १९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा ती मूळ संस्थेस मिळाली.

तत्पूर्वी, १९२० साली लंडनला पहिली जांबोरी, म्हणजे देशोदेशीच्या बालवीरांचा मेळावा, भरली होती. ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात ते निवर्तले. मेळावे मात्र चालूच राहिले. तेथे स्वयंपाक, शुश्रूषा, स्वच्छता ही कामे आजही परदेशांहून आलेले स्वयंसेवक विनावेतन करतात. तापीचा पूर पाहिलेल्या आपणां सुरतकरांना अशा हातांचे मोल सांगावयास नको.