अगाथा ख्रिस्ती यांचे वाचन, खानपान आणि गावजीवन

डेम अगाथा मेरी क्लॅरिसा ख्रिस्ती (जन्म : १५ सप्टेंबर १८९०, टॉर्की, इंग्लंड, मृत्यू : १२ जानेवारी १९७६, वॉलिंगफर्ड, इंग्लंड) या इंग्लिश रहस्यकथालेखिका व नाटककार होत्या. ६६ रहस्यमय कादंबऱ्या, १४ कथासंग्रह आणि १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेले 'द माउसट्रॅप' हे नाटक यांमुळे त्या जगभर ओळखल्या जातात. हर्क्युल पॉयरो आणि मिस मार्पल ही त्यांची गाजलेली पात्रे. त्यांच्या कथांतील खून बहुधा न्याहारीच्या टेबलाशी, चहाच्या वेळी किंवा पाद्र्याच्या अभ्यासिकेत घडतात. हे घरगुती जग लेखिकेने स्वतः जगलेले होते. त्या जगातच त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या कीर्तीपासून आडोसाही शोधला.

बालपण आणि अक्षरओळख

डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी 'अ‍ॅशफील्ड' नावाच्या घरात अगाथा यांचा जन्म झाला. वडील फ्रेडरिक मिलर अमेरिकन होते. आई क्लारा यांचे त्या काळी असे ठाम मत झाले होते की, आठ वर्षांपर्यंत मुलांना वाचायला शिकवू नये. अगाथा मात्र पाच वर्षांच्या होण्याआधीच, दाईने पुन्हा पुन्हा वाचून दाखविलेल्या एका गोष्टीच्या पुस्तकावरून आपले आपण वाचायला शिकल्या. दाईने ही बातमी अपराधी चेहऱ्याने क्लाराबाईंना कळविली. अक्षरे न शिकता संपूर्ण शब्दच नजरेने ओळखण्याची सवय लागल्यामुळे त्यांचे शुद्धलेखन पुढेही कच्चेच राहिले. जगात सर्वाधिक खप असलेल्या लेखकांत ज्यांची गणना होते त्यांच्याविषयीची ही माहिती शुद्धलेखनाच्या धास्तीने लिहायचे टाळणाऱ्या विद्यार्थ्यांना दिलासा देणारी ठरावी.

घरी पुस्तकांची चंगळ होती. लुइस कॅरल, इडिथ नेस्बिट व मिसेस मोल्सवर्थ यांची पुस्तके त्यांनी लहानपणी वाचली. आई डिकन्सच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवीत असे आणि फार दुःखद भाग हळूच गाळीत असे. डिकन्सचे 'ब्लीक हाउस' त्यांना जन्मभर आवडले; १९६२ च्या सुमारास त्यांनी त्यावर एक पटकथाही लिहिली, परंतु तो चित्रपट निघाला नाही. मोठी बहीण मॅज हिने त्यांना शेरलॉक होम्सची ओळख करून दिली व अ‍ॅना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेची 'द लेव्हनवर्थ केस' ही कादंबरी वाचून दाखविली. तुला रहस्यकथा लिहिणे जमणार नाही, असे पुढे याच बहिणीने म्हटले आणि ते त्यांच्या मनात रुतून बसले. पुस्तकांची नावे ठेवतानाही हे वाचन कामी आले. शेक्सपिअर, टेनिसन, ब्लेक आणि बालगीते यांतून त्यांनी अनेक शीर्षके उचलली.

कोठीची खोली

अ‍ॅशफील्डची स्वयंपाकीण जेन ही रोज पाच पदार्थवारांचे रात्रीचे जेवण सहज रांधीत असे. १९०१ साली वडील वारले आणि घरची आर्थिक स्थिती खालावली. मायलेकींच्या पानात चीज घातलेली मॅकरोनी किंवा तांदळाची खीर येऊ लागली. मोठ्या पंगतीचा हात असलेल्या जेनला मात्र दोघींपुरते करणे जमेना, आणि तिच्याकडून बाजारहाट जास्तच होत राही.

लंडनजवळच्या ईलिंग येथे त्यांच्या आजी (वडिलांची सावत्र आई) राहत. त्यांच्या घरी कोठीची खोली कुलूपबंद असे. रोज सकाळी आजी कुलूप काढून स्वयंपाकिणीला पीठ, साखर, चहा, लोणी मोजून देत. खजूर, अंजीर, मनुका, सुकी फळे यांनी ती खोली भरलेली असे आणि नातीच्या हातावरही काहीतरी पडे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून वावरणाऱ्या आजीबाई ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. या आजी प्रत्येकाविषयी वाईटातली वाईट शंका घेत आणि त्या शंका बहुधा खऱ्या निघत. 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' (१९३०) या कादंबरीतील मिस मार्पलमध्ये हा गुण, आणि आजींच्या ईलिंगमधील मैत्रिणींचे वळण, स्पष्ट दिसते.

औषधालय

पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती यांनी टॉर्कीच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून आणि नंतर तेथील औषधालयात काम केले. १९१७ साली त्यांनी औषधे तयार करण्याविषयीची परीक्षा दिली. भोवती विषाच्या बाटल्या असताना विषप्रयोगाची कथा सुचणे साहजिकच होते. गावात आश्रयाला आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून पॉयरो सुचला. 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' ही पहिली कादंबरी काही प्रकाशकांनी परत पाठविली; ती १९२० साली प्रसिद्ध झाली. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने तीतील विषांच्या अचूक माहितीची वाखाणणी केली, याचा त्यांना विशेष अभिमान होता.

कोठी आणि औषधालय या दोहोंची सांगड त्यांच्या पुढील लेखनात सतत दिसते. 'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३) मध्ये विष असते ते न्याहारीच्या मार्मलेडमध्ये. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) मधील चॉकलेटचा केक तर विशेष लक्षात राहतो, कारण त्या वेळी इंग्लंडमध्ये रेशनिंग चालू होते आणि लोणी, साखर, अंडी एकत्र जमविणे हीच मोठी गोष्ट होती.

१९२६ आणि नंतर

१९१४ साली त्यांचा विवाह आर्चिबाल्ड ख्रिस्ती यांच्याशी झाला. १९१९ साली कन्या रोझलिंड हिचा जन्म झाला. १९२६ हे वर्ष मात्र त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये आई वारली. अ‍ॅशफील्डमधील सामानाची आवराआवर त्यांना एकटीनेच करावी लागली, आणि त्यानंतर पतीने घटस्फोट मागितला. ३ डिसेंबर रोजी त्या घरातून निघून गेल्या. त्यांची मोटार सरे परगण्यात बेवारस सापडली. हजारो लोक शोधात उतरले, वृत्तपत्रांना मेजवानी मिळाली. ११ दिवसांनी त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहताना आढळल्या. याविषयी त्यांनी आपल्या आत्मचरित्रात एक अक्षरही लिहिले नाही. त्या घटनेवर आजवर बरेच तर्क लढविले गेले आहेत. त्यांत शिरण्यापेक्षा, वृत्तपत्रांची व गर्दीची जी धास्ती त्यांनी तेव्हा घेतली ती कायम राहिली, एवढे लक्षात घेणे अधिक उपयोगी आहे.

१९३० पासून त्यांनी मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने सहा वेगळ्या प्रकारच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि ते गुपित जवळजवळ २० वर्षे टिकविले. रहस्यकथाकारांच्या 'डिटेक्शन क्लब' या भोजन-मंडळाचे अध्यक्षपद १९५७ साली त्यांनी स्वीकारले ते भाषण करावे लागणार नाही या अटीवर. १९५८ साली 'माउसट्रॅप'च्या विक्रमाप्रीत्यर्थ लंडनमधील एका बड्या हॉटेलात समारंभ होता. दारावरच्या माणसाने त्यांना ओळखले नाही व आत सोडले नाही. आपण कोण हे न सांगता त्या मुकाट्याने मागे फिरल्या. त्यांना नंतर आत नेण्यात आले.

ग्रीनवे

१९३० साली त्यांनी पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह केला. इराक व सीरिया येथील उत्खननांत त्या पतीबरोबर जात. तेथील स्वयंपाकी, रसद आणि तंबूतील संसार यांचे खेळकर वर्णन 'कम, टेल मी हाउ यू लिव्ह' (१९४६) या पुस्तकात आहे. निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तू त्यांनी आपल्या चेहऱ्याला लावायच्या क्रीमने साफ केल्या.

१९३८ साली त्यांनी डार्ट नदीकाठचे 'ग्रीनवे' हे घर ६,००० पौंडांना घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते सरकारने ताब्यात घेतले व तेथे अमेरिकन तटरक्षक दलाचे अधिकारी राहिले. त्यांच्यापैकी एकाने ग्रंथालयाच्या भिंतीवर वरच्या बाजूने चित्रपट्टी रंगविली. घर परत मिळाले तेव्हा ती चित्रपट्टी युद्धाची आठवण म्हणून ख्रिस्ती यांनी जपली. सैन्यासाठी बांधलेली १४ शौचालये मात्र त्यांना नको होती.

ग्रीनवेला सुट्टीत कुटुंब जमे. रात्रीच्या जेवणानंतर त्या नव्या कादंबरीची प्रकरणे वाचून दाखवीत आणि खुनी कोण हे घरच्यांनी ओळखायचे असे. त्या मद्य घेत नसत, धूम्रपान करीत नसत. डेव्हनची घट्ट साय हा त्यांचा जीव की प्राण. १९७० साली ८०व्या वाढदिवसाच्या जेवणात इतरांनी शॅम्पेन घेतली, तर त्यांच्यासाठी अर्धा मोठा कप नुसती साय होती. सफरचंदेही त्यांना फार प्रिय. न्हाणीच्या टबात बसून सफरचंदे खात त्या कथानके जुळवीत. अ‍ॅरिअ‍ॅडनी ऑलिव्हर हे लेखिकेचे पात्रही सफरचंदवेडे आहे, आणि त्यात त्यांनी स्वतःचीच थट्टा केली आहे.

जवळच्या चर्स्टन फेरर्स गावातील चर्चची पूर्वेकडील खिडकी साध्या काचेची होती. तेथे रंगीत काचा बसविण्यासाठी त्यांनी एका कथेचे उत्पन्न देऊ केले. मूळ कथा वाढत जाऊन ग्रीनवेच्या परिसराची छाप असलेली 'डेड मॅन्स फॉली' (१९५६) ही कादंबरी झाली, म्हणून चर्चसाठी दुसरी कथा लिहून दिली. चित्राचा विषय मेंढपाळरूपी ख्रिस्त असावा, हा त्यांचाच आग्रह होता.

वॉलिंगफर्ड

टेम्स नदीकाठच्या वॉलिंगफर्ड या छोट्या गावातील 'विंटरब्रुक हाउस' त्यांनी १९३४ साली घेतले. ग्रीनवेइतका याचा बोलबाला नाही, पण त्यांचे खरे नांदते घर हेच म्हणावे लागेल. येथे त्या मिसेस मॅलोवन होत्या. दुकानांत, रस्त्यावर त्यांना याच नावाने ओळखत. गावातील 'सिनोडन प्लेअर्स' या हौशी नाट्यमंडळाच्या त्या १९५१ पासून मृत्यूपर्यंत अध्यक्षा होत्या. लंडनमध्ये स्वतःची नाटके गर्दी खेचत असताना गावच्या हौशी नटांचे प्रयोग पाहायला त्या प्रेक्षकांत बसत.

१२ जानेवारी १९७६ रोजी याच घरी त्यांचे निधन झाले. जवळच्या चोल्सी गावी सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. थडग्याच्या शिळेवर आधी मॅलोवन हे नाव आहे. अगाथा ख्रिस्ती हे नाव त्याखाली येते. ग्रीनवे २००० साली कुटुंबीयांनी नॅशनल ट्रस्टकडे सोपविले. २०२३ साली वॉलिंगफर्डमध्ये, बाकावर हातात पुस्तक घेऊन बसलेल्या ख्रिस्ती यांचा कांस्य पुतळा उभारण्यात आला.