गणिततपस्वी महावीराचार्य

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राजवटीत, इ. स. ८५० च्या सुमारास, दिगंबर जैन परंपरेतील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्योतिषाच्या आश्रयाने वाढलेल्या गणिताला त्यांनी स्वतंत्र शास्त्राचे स्थान दिले. ग्रंथारंभी त्यांनी भगवान महावीरांना वंदन केले, सम्राटाचा गौरव केला. स्वतःच्या कुळाविषयी व जन्मस्थानाविषयी मात्र मौन पाळले.

समान अंतराने वाढणाऱ्या श्रेढीचे विवेचन या ग्रंथात आहे. पहिले पद म्हणजे आदि, समान वाढ म्हणजे चय आणि पदांची संख्या म्हणजे गच्छ. गच्छातून एक वजा करून चयाने गुणावे व त्यात आदि मिळवावा, म्हणजे अंत्यपद हाती येते. आदि ५ व चय ३ असता दहावे पद ९ × ३ + ५ म्हणजे ३२ होय. मधली पदे मांडत बसण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रातील दहावीचे विद्यार्थी हाच नियम ‘अंकगणिती श्रेढी’ या नावाने शिकतात. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. आचार्यांनी नाममुद्रेचा मोह धरला नाही. त्यांची विद्या मात्र अकराशे वर्षांनंतरही विद्यार्थ्यांच्या वहीत जिवंत आहे.