अंत्यविधीवाल्याचं टेलिफोन एक्स्चेंज

ई अँड टीसीवाल्यांना अल्मन स्ट्रोजर हे नाव नवीन नाही. स्विचिंगच्या पुस्तकात हा माणूस सुरुवातीलाच भेटतो, एक किचकट आकृती काढायला लावतो आणि परीक्षा झाली की आपण त्याला विसरून जातो. मीही विसरले होते. पण मागच्या सुट्टीत धुळ्याला एका ऑफिसात ट्रेनिंगला गेले आणि तो पुन्हा आठवला.

स्ट्रोजर काही शास्त्रज्ञ नव्हता. 1839 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पेनफिल्ड गावी तो जन्मला. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला, मग शाळामास्तर झाला आणि शेवटी कॅन्सास सिटीत त्याने अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा सुरू केला. त्या काळी फोन उचलला की एक्स्चेंजमधली ऑपरेटर हाताने वायर जोडून द्यायची. गोष्ट अशी सांगतात, की दुसऱ्या एका अंत्यविधीवाल्याची बायकोच ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरचे कॉल ती नवऱ्याकडे वळवायची. खरं खोटं देव जाणे, पण आपलं गिऱ्हाईक कोणीतरी पळवतंय हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. दुसरा कोणी भांडत बसला असता. याने ऑपरेटरच काढून टाकायची ठरवली!

1889 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, 1891 मध्ये पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. फोनवरून विजेचे ठोके पाठवायचे, जितके ठोके तितक्या पायऱ्या यंत्राचा काटा सरकणार आणि बरोबर त्या लाईनला जाऊन टेकणार. 3 नोव्हेंबर 1892 ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ते गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं, साधारण 75 ग्राहकांचं. फिरवायची डायल पुढे 1896 मध्ये त्याच्या कंपनीतल्या इंजिनियरांनी काढली. स्ट्रोजरने मात्र पेटंट आणि हिस्सा थोडक्यात विकून टाकला आणि तो फ्लोरिडाला जाऊन राहिला. तिथेच 1902 मध्ये तो वारला. त्याची पद्धत भारतातही आली, आणि आपल्या आईबाबांनी बोट घालून फिरवलेल्या फोनमागे कितीतरी वर्षं तीच खटखट चालायची.

पण एक गोष्ट राहिली. ऑपरेटरला नुसतं वाचवा म्हटलं तरी कळायचं. यंत्राला फक्त आकडे कळतात. 1935 मध्ये लंडनला एका घराला आग लागली, पाच बायका गेल्या, आणि शेजारी फोन लावत होता तर एक्स्चेंजने त्याला रांगेतच ठेवलं. त्यानंतर 1937 मध्ये 999 हा नंबर आला. तो फिरवला की ऑपरेटरसमोर लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. म्हणजे स्ट्रोजरने काढून टाकलेलं माणूस अडचणीच्या वेळेसाठी परत आणावं लागलं.

धुळ्याच्या त्या ऑफिसात हेच बघितलं. कंट्रोल रूमला आधी कळवून इलेक्ट्रिशियन काकांनी प्रत्येक टेबलावरून 112 लावून पाहिला. अर्ध्या फोनवर नुसता एंगेज टोन! बाहेरच्या लाईनसाठी आधी शून्य दाबावं लागतं, हे यंत्राला माहीत होतं. घाबरलेल्या माणसाला ते कुठून आठवणार? शिवाय कॉल लागला तरी पत्ता फक्त मेन गेटचा. कुठला मजला, कुठली खोली, काही नाही. काकांनी सेटिंग बदललं, सगळीकडून पुन्हा टेस्ट घेतली आणि प्रत्येक फोनवर खोलीचा नंबर चिकटवला. अर्ध्या दिवसाचं काम.

आपल्या होस्टेललाही इंटरकॉम आहे. रात्री दोन वाजता कोणाला दम लागला तर त्यावरून 112 किंवा 108 लागतो का? उगाच लावून बघू नका हं, खऱ्या गरजवंताची लाईन अडते. पण रेक्टर सर आणि ऑफिसने रीतसर कळवून एकदा ही टेस्ट घ्यावी, एवढीच विनंती. शून्य दाबायचं राहिलं म्हणून कोणाचा जीव जाऊ नये.